तळटीप : सालवनातला भुंगेरा

१२. लेखकाने येथे खोड पोखरणाऱ्या लांब मिशांच्या भुंगेऱ्याला सालवनाचा वैरी ठरवले आहे. ते अर्धेच खरे आहे. होप्लोसेरँबिक्स स्पिनिकॉर्निस हा तो भुंगेरा. पहिल्या पावसासरशी, जूनच्या सुमारास, तो खोडातून बाहेर पडतो आणि मादी खोडावरच्या भेगांत अंडी घालते. अळी आधी सालीखालचा रसाळ थर खाते, मग गाभ्यात शिरून तेथेच कोषात जाते. वर्षाला एकच पिढी. धडधाकट वृक्षात मात्र हा क्रम बहुधा सुरुवातीलाच खुंटतो, कारण जखमेतून पाझरणाऱ्या राळेत कोवळ्या अळ्या बुडून मरतात. तगतात त्या मुख्यतः पडलेल्या, अशक्त झाडांत, आणि तिथले कठीण लाकूड पोखरून बुरशीला आत वाट करून देतात. मेलेले लाकूड मातीला मिळण्यात हे काम फार मोलाचे आहे.

यावर कोणी म्हणेल, १९९७च्या सुमारास मंडला-दिंडोरीकडच्या उद्रेकात लाखो झाडांना कीड लागली, त्यांत सशक्त वृक्षही होते. ते नाकारता येत नाही. पण भुंगेरे बेसुमार वाढले की एकाच खोडात इतक्या अळ्या शिरतात की राळ अपुरी पडते. आणि ही वाढ होते ती अशक्त, पडक्या लाकडाचा साठा हाताशी असल्यावर. म्हणून दोष एकट्या किड्यावर टाकणे मला पटत नाही. वनखात्याची जुनी पद्धतही याच स्वभावावर बेतलेली आहे : पावसाळ्यात मोजकी झाडे पाडून त्यांचे ओंडके ठेचतात, ताज्या रसाच्या वासाने भुंगेरे तेथे गोळा होतात आणि मजूर ते वेचून मारतात.