कलाभवनचे प्राचार्य गज्जर आणि विद्यार्थी फाळके

दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, हे आपल्याकडे अभिमानानं सांगितलं जातं. पण त्यांना तिथं शिकवणारं, वाट दाखवणारं कोण होतं, असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. फाळक्यांच्या चरित्रांतही प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर दोन-चार ओळींत आटोपतात. तेवढ्या ओळींतही बरंच काही आहे.

सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं. गज्जर (जन्म 1863, सुरत) तेव्हा बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. गज्जर म्हणजे सुतार. घरात हत्यारांचा वारसा. कारागिरांच्या मुलांना रंगकाम, यंत्रकाम शिकवायचं तर ते इंग्रजीतून कसं जमणार, हा त्यांचा साधा प्रश्न होता. म्हणून गुजराती-मराठीतून शिकवणं, शास्त्रीय शब्दांचे कोश, देशी भाषांत पुस्तकं असा खटाटोप त्यांनी मांडला. पैसा अर्थातच महाराजांचा. तो नसता तर प्राचार्य कितीही तळमळीचा असो, उपयोग शून्य होता, हेही मान्य केलं पाहिजे.

फाळके कलाभवनात आले ते 20 वर्षांचे. थोरले भाऊ शिवरामपंत बडोद्यात नोकरीला होते. जे. जे. स्कूलचं शिक्षण झालेलं, हातात चित्रकला, डोक्यात फोटोग्राफीचं वेड. असा मुलगा एका चौकटीत बसत नाही, आणि संस्थाचालकांना सहसा तो नकोसा होतो. गज्जरांनी काय केलं? 1891 मध्ये त्याला थेट रतलामला धाडलं! तीनरंगी ब्लॉक, फोटोलिथो, कोलोटाइप, अंधारखोलीतली छपाई, हे सगळं तिथल्या जाणकाराकडे शिकून ये म्हणून. मला या गोष्टीचं सगळ्यात जास्त मोल वाटतं. आपल्या संस्थेत जे मिळणार नाही ते विद्यार्थ्यानं बाहेर जाऊन शिकावं, असं म्हणायला मोठं मन लागतं. पुढं 1893 मध्ये कलाभवनचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्यांनी फाळक्यांना वापरायला दिली. एन्ग्रेव्हिंग आणि फोटो-छपाईचा फाळक्यांचा पहिला धंदा तिथंच सुरू झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये आला, म्हणजे मध्ये तब्बल 20 वर्षं गेली. त्या काळात लोणावळ्याचा छापखाना, लंडनची वारी, बऱ्याच खस्ता. त्यामुळे सिनेमाचं श्रेय गज्जरांना देणं म्हणजे ओढाताण होईल. पण कॅमेरा, रसायनं आणि काळोखी खोली यांच्याशी हात सरावला तो बडोद्यात आणि रतलामात.

गज्जर स्वतः फार दिवस बडोद्यात टिकले नाहीत, मुंबईला विल्सन कॉलेजात गेले. (राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला फासलेलं डांबर काढणारे रसायनज्ञ ते हेच.) त्यांच्या हाताखाली तयार झालेले कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी त्यांच्याच साथीनं 1907 मध्ये अलेम्बिक उभी केली, तीही बडोद्यात. कलाभवन 1949 मध्ये सयाजीराव विद्यापीठात सामील झालं. आज तिथं अभियांत्रिकीचे वर्ग भरतात.