गोधडीच्या पोटात

घट बसायच्या आधी आमच्याकडे घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर जातात. सुरगाण्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला याचं कारण सांगायला नको. जून ते सप्टेंबर इथं काही म्हणता काही वाळत नाही. मिठाला पाणी सुटतं, लाकडाला बुरशी धरते आणि गोधडीला कुबट वास येतो. भाद्रपदाच्या शेवटी ऊन पडलं की बायका डोक्यावर भारे घेऊन निघतात, आणि दुपारपर्यंत नदीकाठचे खडक रंगीबेरंगी होऊन जातात.

मागच्या वर्षी त्या धुण्यात आईची गोधडी फाटली. माझी बायको एका टोकाला, सून दुसऱ्या टोकाला, अशी पिळायला धरली आणि मधोमध टर्रकन फाट गेली. आई जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. बायको म्हणाली, "राहू दे आता, पायपुसणी होतील त्याची." मी म्हणालो, "आण इकडं, मी शिवतो." सून तोंडाला पदर लावून हसली. नांगर धरणाऱ्याच्या हातात सुई तिने कधी पाहिली नव्हती.

पण शिवायचं तर आधी उसवावं लागतं. फाट नुसती वरून ओढून घेतली तर आतले थर गोळा होतात आणि महिन्याभरात शेजारी नवी फाट पडते, एवढं आईकडून ऐकलेलं होतं. म्हणून दोन दुपारी ओट्यावर बसून ब्लेडने एकेक टाका सोडवला. त्या दोन दुपारी जे हाती लागलं ते लिहून ठेवतो. आमच्या मुलखाचा इतिहास लिहिताना संस्थान, सावकार, जंगल हे सगळं येतं. सुईचं कोणी लिहीत नाही.

माझ्या आजाच्या वेळी सुरगाणा हे छोटं संस्थान होतं. देशमुखांचा कारभार. 1948 साली ते विलीन झालं आणि आम्ही नाशिक जिल्ह्यात आलो. त्या काळी आमच्या माणसांच्या अंगावर शिवलेलं कापड जवळजवळ नव्हतंच. पुरुषाला लंगोटी आणि डोक्याला फडकं. बाईला गुडघ्यापर्यंतचं लुगडं आणि खांद्यावरून फडकी. हे सगळं गुंडाळायचं, खोचायचं, गाठ मारायचं कापड, त्याला सुई कशाला लागते? चोळी आणि एखादी बंडी, एवढाच काय तो शिवलेला कपडा. थंडीला शेकोटी होती. तरी घरात सुई असायची, ती गोधडीसाठी. म्हणजे आमच्याकडे सुई अंगावरच्या कपड्यापेक्षा अंथरुणासाठीच जास्त चालली, असं मला वाटतं.

आजीच्या घरात सुई एकच होती. तेलाच्या चिंधीत गुंडाळून कुडाच्या भिंतीत खोचून ठेवलेली. तेल एवढ्यासाठी, की पावसाळ्यात ती गंजू नये. दिवे लागल्यावर सुई कोणाला द्यायची नाही असा तिचा नेम होता. लहानपणी मला ती अंधश्रद्धा वाटायची. आता वाटतं, चिमणीच्या उजेडात सुई हरवली तर सारवलेल्या भुईवर ती सापडणार कशी, आणि उघड्या पायाच्या पोरांचं काय व्हायचं? नेमाच्या पोटात शहाणपण असावं.

आता आईच्या गोधडीकडे येतो. ती माझ्या लग्नाच्या वर्षी, 1984 ला शिवलेली. खालचं आणि वरचं, दोन्ही अस्तरं तिच्याच एका नऊवारी लुगड्याची. त्याचा हिशोब सांगतो, ज्यांना शिवायची आहे त्यांना उपयोगी पडेल. नऊ वार लुगड्याचे चार सारखे तुकडे केले की एकेक सव्वादोन वाराचा होतो. दोन-दोन तुकडे कडेला कड लावून जोडले की साडेचार हात बाय पाच हाताची दोन अस्तरं निघतात. दोन माणसं आणि मध्ये एक पोर, असं निजायला तेवढं पुरतं. आईला अक्षर येत नव्हतं, पण हा हिशोब तिचा कधी चुकला नाही.

वरच्या अस्तरावर ठिगळांची नक्षी होती. ती बाजारच्या शिंप्याकडच्या कातरणांची. आमच्या बाजाराला एक शिंपी पायमशीन घेऊन दुकानाच्या ओट्यावर बसायचा. या बाजारी कापड टाकायचं, पुढच्या बाजारी कपडा घ्यायचा. त्याच्या पायाशी पडलेली कातरणं आई उचलून आणायची, तो काही बोलत नसे. त्यात शाळेच्या चड्ड्यांची खाकी होती, नवरीच्या झंपराचा हिरवा खण होता. बोहाड्याच्या सोंगांसाठी घेतलेलं चकचकीत लाल कापडही होतं. गावात त्या वर्षी कोणी काय शिवलं ते सगळं त्या गोधडीवर होतं.

अस्तराच्या आत बापाचं धोतर निघालं. त्याच्या खाली जाडंभरडं पांढरं कापड, त्यावर पुसट निळी इंग्रजी अक्षरं. ते मी लगेच ओळखलं. 1972 च्या दुष्काळात बाप खडी फोडायला जायचा आणि आम्हा पोरांना सुकडी मिळायची. तेव्हा मदतीचं धान्य ज्या पिशव्यांतून आलं, त्यातल्या दोन पिशव्या आईने उसवून, उकळून, वाळवून ठेवल्या होत्या. बारा वर्षांनी त्या माझ्या लग्नाच्या गोधडीत घातल्या.

आईचे शिवण्याचे नियम मला पाठ आहेत, कारण सुईत दोरा ओवून द्यायचं काम माझं असायचं. जसे आठवतात तसे देतो.

कापड जुनं असो वा नवं, आधी धुऊन घ्यायचं. न धुतलेलं नवं कापड पहिल्या पाण्याला आटतं आणि बाकीच्या थरांना ओढून सुरकुत्या पाडतं. नवं आणि फार विरलेलं कापड शेजारी-शेजारी जोडायचं नाही, कारण नवं जुन्याला फाडतं. सुताबरोबर सूत ठेवायचं. नायलॉनची साडी दिसायला छान, पण घाम पीत नाही आणि टाक्यातून सरकते.

थर फार घालायचे नाहीत. आमच्या पावसाच्या मुलखात जाड गोधडी म्हणजे ओझं, ती ना वाळते ना सुईला ऐकते. चार-पाच थर पुरे.

दोरा एका हातापेक्षा फार लांब घ्यायचा नाही. आळशी बाई लांब दोरा घेते आणि गुंता सोडवण्यात दिवस घालवते, असं आई म्हणायची. दोरा मेणावरून ओढून घेतला की तो सरळ राहतो आणि पाण्याने लवकर कुजत नाही. मेण आम्हाला जंगलातल्या पोळ्यांचं मिळायचं. आता देवघरातली मेणबत्तीही चालते.

सारवलेल्या भुईवर खालचं अस्तर ताणून अंथरायचं, चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवायचे, मग एकेक थर हाताने साफ करत घालायचा. सगळे थर घातले की आधी वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके मारून घ्यायचे. ही पायरी जो टाळतो त्याची गोधडी शेवटी वाकडी होते. त्यानंतर पक्का धावदोरा. कडेपासून सुरुवात, ओळीला ओळ लावून आत यायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. शेवटी कच्चे टाके उपटून टाकायचे. होळी झाल्यावर गोधडी हाती घ्यायची आणि मृगाच्या आधी पुरी करायची, कारण एकदा आवणी लागली की बाईच्या हाताला सुई धरायला सवड नसते.

हे आमच्याकडेच आहे असं नाही. बंगालात जुन्या साड्यांचा कांथा करतात, बिहारात सुजनी. कर्नाटकात यल्लापूर, हळियाळच्या जंगलातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, त्याही कडेपासून आत येत जातात. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं खेडं आहे. तिथल्या काळ्या शेतमजूर बायकांनी फाटक्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्या भिंतीवर टांगल्या गेल्या आणि 2006 साली त्यांची चित्रं तिथल्या पोस्टाच्या तिकिटांवर आली. हे मला नातीने मोबाईलवर दाखवलं. त्या गोधड्यांतले गुडघ्यावर विरलेले पँटचे तुकडे पाहून मला बापाचं धोतर आठवलं. आपल्याकडे गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणायचे, अंगावरच्या ठिगळांवरून. ठिगळाची लाज नसलेला माणूस म्हणून त्यांचं मोठेपण आपण सांगतो, आणि स्वतःची ठिगळं मात्र झाकतो. हे मी स्वतःवरूनच म्हणतोय, ते पुढे येईल.

मशीन आमच्या घरात 1990 नंतर आलं. उषा मशीन कलकत्त्यात 1930 च्या दशकापासून बनत होतं, आमच्या ओट्यावर यायला त्याला साठ वर्षं लागली. एका योजनेतून ते बायकोला मिळालं. मशीन आलं, शिकवायला मात्र कोणी आलं नाही. सहा महिने ते फडक्याखाली झाकून उभं होतं. मग मी शहाणपणा केला. चाक जड फिरतंय म्हणून त्यात गोडेतेल घातलं. आठ दिवसांत ते चिकट होऊन मशीन जाम झालं. बाजारच्या शिंप्याने हसत हसत उपाय सांगितला. प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन थेंब टाकून चाक फिरवायचं, काळं पाणी निघेल ते पुसायचं, मग मशीनचंच तेल घालायचं आणि पहिली शिलाई चिंधीवर मारायची, म्हणजे चांगल्या कापडाला डाग पडत नाही. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा सैल पडतो, तो बोटभर कापून पुन्हा जोडायचा. टाके सुटायला लागले की मशीनला शिव्या द्यायच्या आधी सुई बदलून पाहायची, आणि जुनी ज्या तोंडाने बसली होती त्याच तोंडाने नवी बसवायची.

बायको शिकली ती उसवून. जुनं पोलकं शिवणीवर उसवायचं, तुकडे वर्तमानपत्रावर ठेवायचे, भोवती रेघ मारायची, शिवणीसाठी अर्धं बोट जागा सोडून कागद कापायचा. झाला नमुना. पहिल्या वर्षी तिने पँटच्या पायांच्या बियाण्याच्या पिशव्या शिवल्या. त्याला काही यावं लागत नाही, खालचं तोंड शिवायचं आणि वरच्या दुमडीत नाडी घालायची. मग बाळाची दुपटी, कुंच्या, उशांच्या खोळी. द्राक्षाच्या कामाला दिंडोरी, निफाडकडे जाणाऱ्या बायकांना जुन्या सदऱ्यांच्या लांब बाह्या करून दिल्या, हाताला ऊन आणि औषध लागू नये म्हणून. त्या पैशात पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघाला. गांधीजी यंत्रांवर टीका करायचे, पण 1924 साली त्यांनी शिलाई मशीनला अपवाद केला होता. बायकोचे कष्ट पाहून नवऱ्याच्या मनात ते आलं, अशी त्यांची समजूत होती. आमच्या घरात नवऱ्याने फक्त गोडेतेल घातलं.

आता उसवण्याचा शेवट. पिशव्यांच्या कापडाखाली, अगदी मधोमध, आणखी एक गोधडी निघाली. लहान, एका पोराच्या मापाची, विरून जाळी झालेली. जुनी गोधडी नवीच्या पोटात घालायची रीत आमच्याकडे आहेच, म्हणून मला नवल वाटलं नाही. मग कोपरा उलटला. तिथं लाल दोऱ्याच्या तीन फुल्या होत्या.

1974 साली मी आठवीला वसतिगृहात गेलो तेव्हा आईने मला गोधडी शिवून दिली. तिथं पन्नास पोरांची अंथरुणं एकत्र, आपली ओळखू यावी म्हणून कोपऱ्यात तीन लाल फुल्या. मला अक्षर येत होतं, ती खूण तिच्यासाठी होती. बाकीच्या काही पोरांकडे विकतच्या चादरी होत्या. माझ्या ठिगळांवरून ते हसले. दिवाळीच्या आत मी ती गोधडी स्वयंपाकाच्या मावशीला देऊन टाकली आणि घरी सांगितलं, चोरीला गेली. आई एकदाच म्हणाली, "थंडीत कसा निजतोस रे पोऱ्या?" पुन्हा विषय काढला नाही. पुढच्या बाजारी बापाने माझ्यासाठी चादर आणली. तिचे पैसे कुठून आले ते मी विचारलं नाही.

ती गोधडी आईकडे परत कशी आली, ते सांगणारं आता कोणी नाही. मावशीही गेली. आईला खरं कळलेलं होतं एवढं नक्की. तिने मला शब्दाने विचारलं नाही. दहा वर्षं ती जपली आणि माझ्या लग्नाच्या गोधडीच्या पोटात घालून शिवून टाकली. मी चाळीस वर्षं तिच्यावर निजलो.

बायकोला मी हे सगळं त्या दुपारी सांगितलं. ती काही बोलली नाही, आत जाऊन मेणाचा तुकडा घेऊन आली.

गोधडी मी शिवली. थर होते त्याच क्रमाने घातले, लहानगी पुन्हा मधोमध. वरून माझ्या जुन्या धोतराचं एक अस्तर वाढवलं, कारण जुनं लुगडं आता टाका धरत नव्हतं. माझे टाके वाकडे आहेत, ओळी कुठे बोटभर, कुठे दोन बोटं. महिना लागला. तीन फुल्यांचा कोपरा मात्र या खेपेला आत झाकला नाही. वरच्या अस्तराला तिथं चौकोनी खिडकी ठेवून कडा दुमडून शिवल्या. नात विचारते, हे काय आहे? मी सांगतो, तुझ्या पणजीची सही.