विद्युतदाह आणि अस्थिमज्जा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
उच्च दाबाच्या विजेने भाजलेल्या रुग्णाच्या त्वचेवरील जखम पुष्कळदा लहान असते. आतील स्नायू व रक्तवाहिन्या मात्र खोलवर करपलेल्या असतात. साहजिकच वैद्यकाची दृष्टी दीर्घकाळ विद्युतप्रवाहाच्या मार्गावरच खिळून राहिली. रक्त निर्माण करणाऱ्या अस्थिमज्जेचा विचार त्यामानाने उशिरा झाला.

विषय-विवेचन :
व्हिएन्ना येथील स्टेफान येलिनेक (१८७१–१९६८) यांनी १९०३ मध्ये ‘एलेक्ट्रोपाथोलोगी’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून विद्युत-अपघातांच्या अभ्यासाला शास्त्राचे रूप दिले. प्रखर उष्णतेने हाडातील कॅल्शियम फॉस्फेट वितळून तयार होणाऱ्या ‘अस्थिमोत्यां’चे वर्णनही त्यांचेच. हाडाचा विद्युतरोध सर्वाधिक, म्हणून तेथे उष्णताही सर्वाधिक, हे विधान पाठ्यपुस्तकांत वारंवार आढळते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. हातापायांत स्नायू व हाड हे समांतर मार्ग असल्याने अधिक प्रवाह कमी रोधाच्या स्नायूंतूनच वाहतो.

हाड तापले तरी रक्तनिर्मिती त्यामुळेच मंदावते काय? या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग येलिनेक यांच्या आधीच उपलब्ध होता. अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होतात, हे १८६८ मध्ये अर्न्स्ट नॉयमान व जुलिओ बिझोझेरो यांनी स्वतंत्रपणे दाखविले. वाढत्या वयाबरोबर तांबडी मज्जा हातापायांच्या टोकांकडून धडाकडे मागे सरते, हा नियमही नॉयमान यांनीच १८८२ मध्ये मांडला. प्रौढ व्यक्तीत ती मुख्यत्वे कटिभागातील हाडे, कणा, उरोस्थी व बरगड्या यांत उरते. विजेचा सर्वाधिक आघात मात्र बहुधा हात, मनगट व पाय यांवर होतो. तेथील मज्जा पिवळी, मेदयुक्त असते. (लहान मुलांची गोष्ट अर्थातच वेगळी.) म्हणजे रक्तनिर्मितीची हानी केवळ स्थानिक नाही; ती दूरस्थ आहे.

उत्तराचा उरलेला भाग विजेच्या नव्हे, तर आगीने भाजलेल्यांच्या अभ्यासातून आला. फ्रान्सिस मूर व सहकाऱ्यांनी १९४६ मध्ये दाहजन्य रक्तक्षयावर निबंध लिहिला. पुढे असे दिसले की, अशा रुग्णांच्या रक्तात एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढलेले असूनही मज्जा त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. १९९५ मध्ये ते बाहेरून देऊन पाहण्यात आले, पण रक्तक्षय टळला नाही. म्हणजे उणीव संदेशाची नव्हती. तो ऐकणारी मज्जाच बधिर झाली होती. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत, दाह व जंतुसंसर्ग एकत्र आल्यास मज्जेतील पूर्वपेशी मोनोसाइट पेशींच्या निर्मितीकडे वळतात, असे आढळले.

विद्युतदाहात मृत स्नायूंचा भार मोठा असतो. वारंवार शस्त्रक्रिया, प्रसंगी अवयवच्छेदन करावे लागते. रक्त एकीकडे वाहून जाते आणि दुसरीकडे मंदावलेली मज्जा त्याची भरपाई करू शकत नाही. त्वचेच्या भाजलेल्या टक्केवारीत हे दोन्ही नुकसान दिसत नाही.