शब्दवेध : लेन्स

‘लेन्स’ हा मूळचा लॅटिन शब्द, आणि त्याचा अर्थ मसूर! मध्ये फुगीर, कडेला निमुळती काच पाहून युरोपातल्या माणसांना मसुराचा दाणा आठवला. जर्मनमध्ये आजही ‘लिन्झं’ म्हणजे मसूर आणि भिंगही. अरबी ‘अदसा’ही मसुरावरूनच आला.

मला विलक्षण वाटते ती या शब्दाची पुढची वाट. एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी १९३१ साली बर्लिनमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पहिला नमुना उभा केला. त्याच्या लेन्समध्ये काच नव्हतीच, होतं तारेचं वेटोळं. वीज सोडली की त्याचं चुंबकीय क्षेत्र विखुरणारे इलेक्ट्रॉन वळवून पुन्हा एकत्र आणतं. मसुराचा आकार गेला, नाव टिकलं.

काचेत बहिर्गोल भिंगाचा दोष अंतर्गोल भिंग निस्तरतं. इथे ती सोय नाही. गोल, स्थिर क्षेत्राच्या लेन्समधला गोलीय दोष, म्हणजे कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत न जुळणं, टळतच नाही, हे ऑटो शेर्झर यांनी १९३६ मध्ये गणिताने सिद्ध केलं. मग गोलाईच मोडायची! हायडर, रोझ आणि उर्बान यांनी सहा ध्रुवांची चुंबकं वापरून तो दोष दुरुस्त केला, तेव्हा १९९८ साल उजाडलं होतं.