दोनदा जगज्जेती, तरी पदकानंतर खचली: जर्मन ज्युदोपटू ॲना-मारिया वाग्नरची कारकीर्द काय सांगते?

पॅरिस ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळा आठवतोय? २६ जुलै २०२४ ला भर पावसात सीन नदीतून खेळाडूंच्या बोटी निघाल्या होत्या. त्या दिवशी जर्मनीचा झेंडा दोघांच्या हाती होता. एक होता बास्केटबॉलपटू डेनिस श्रोडर. एनबीएमुळे त्याला जगभर ओळखतात. दुसरी होती ज्युदोपटू ॲना-मारिया वाग्नर. जर्मनीबाहेर हे नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं.

त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी ती दुसऱ्यांदा जगज्जेती झाली होती. पण टोकियो आणि पॅरिस या दोन ऑलिम्पिकच्या मध्ये असाही काळ आला, जेव्हा हातात पदकं होती आणि ज्युदोच्या मॅटवर पाऊल ठेवावंसं वाटत नव्हतं. तिने हे लपवलं नाही, उघडपणे सांगितलं.

कोण आहे ॲना-मारिया वाग्नर?

वाग्नरचा जन्म १७ मे १९९६ चा, दक्षिण जर्मनीतल्या रावेन्सबुर्गचा. जिगसॉ पझल आणि बोर्ड गेम बनवणारी प्रसिद्ध 'रावेन्सबुर्गर' कंपनी याच गावची. वाग्नर ७८ किलो वजनी गटात खेळते, म्हणजे ७० किलोहून जास्त आणि ७८ किलोपर्यंत वजन असलेल्या महिलांच्या गटात.

महिला ज्युदोची पहिली जागतिक स्पर्धा १९८० मध्ये न्यूयॉर्कला झाली. ऑलिम्पिकमध्ये मात्र १९९२ पर्यंत वाट पाहावी लागली. जर्मन महिलांना आजवर ज्युदोत एकच ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळालं आहे. ते २००४ मध्ये अथेन्सला इव्होन ब्योनिशने ५७ किलो गटात जिंकलं.

ज्युदोची लढत कशी ठरते?

लढत चार मिनिटांची असते. प्रतिस्पर्ध्याला जोरात, वेगाने आणि ताबा ठेवून पाठीवर आपटलं की 'इप्पोन' मिळतो आणि लढत तिथेच संपते. जमिनीवर २० सेकंद दाबून धरलं किंवा हाताचा सांधा अडकवून, गळा आवळून हार कबूल करायला लावली, तरीही इप्पोन. फेक थोडी कमी पडली तर 'वाझा-आरी' मिळतो, आणि दोन वाझा-आरी झाले की इप्पोन.

चार मिनिटांत निकाल लागला नाही तर 'गोल्डन स्कोअर' सुरू होतो. त्याला वेळेची मर्यादा नाही. जो आधी गुण घेईल तो जिंकतो. खेळात टाळाटाळ केली की 'शिदो' म्हणजे ताकीद मिळते, आणि तिसऱ्या शिदोला खेळाडू बाद होतो. म्हणजे जगज्जेतीसुद्धा काही सेकंदांत घरी जाऊ शकते.

२०२१: सात आठवडे, तीन पदकं

जून २०२१ मध्ये बुडापेस्टला जागतिक स्पर्धा झाली. अंतिम लढतीत वाग्नरने फ्रान्सच्या मॅडलिन मलोंगाला हरवलं. मलोंगा २०१९ ची जगज्जेती होती. १९९३ मध्ये योहाना हागन जिंकली, त्यानंतर तब्बल २८ वर्षं एकाही जर्मन महिलेला हे विजेतेपद मिळालं नव्हतं.

सात आठवड्यांनी टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिने कांस्यपदक जिंकलं. सुवर्ण जपानच्या शोरी हमादाला मिळालं, रौप्य मलोंगाला. दोन दिवसांनी मिश्र सांघिक स्पर्धा होती. ऑलिम्पिकमध्ये ती पहिल्यांदाच खेळवली गेली. प्रत्येक संघात तीन महिला आणि तीन पुरुष उतरतात, आणि वजनी गटही वेगळे असतात. ७८ किलोच्या खेळाडूला ७० किलोवरील खुल्या गटात लढावं लागतं, त्यामुळे समोर १०० किलोहून जास्त वजनाची प्रतिस्पर्धीही येऊ शकते. जर्मनीने इथेही कांस्य मिळवलं.

मग अडचण काय झाली?

बाहेरून पाहणाऱ्याला हा कारकिर्दीचा सुवर्णकाळ वाटेल. पण टोकियोहून परतल्यावर वाग्नर नैराश्यात गेली. सरावाची इच्छा उरली नाही आणि काही काळ ती खेळापासून दूर राहिली.

'ऑलिम्पिकनंतरचं नैराश्य' हे क्रीडाविश्वाला नवीन नाही. खेळाडू कित्येक वर्षं झोप, जेवण, वजन, सुट्ट्या सगळं एका तारखेभोवती बांधून घेतो. ती तारीख उलटून गेली की उद्या कशासाठी उठायचं, हा प्रश्न उरतो. हरलेल्याला तो पडतोच, पण जिंकलेल्यालाही पडतो. अमेरिकेचा जलतरणपटू मायकल फेल्प्स याबद्दल अनेकदा बोलला आहे. बीजिंगमध्ये सुवर्ण जिंकल्यावर आलेल्या पोकळीबद्दल आपल्या अभिनव बिंद्रानेही सांगितलं आहे.

त्यात करोनामुळे टोकियो एक वर्ष पुढे गेलं होतं. पुढचं ऑलिम्पिक चारऐवजी तीनच वर्षांवर आलं. सावरायला मिळणारा वेळ आणखी कमी झाला.

थोडं थांबून परत येता येत नाही का?

येतं, पण ज्युदोत थांबणं महाग पडतं. ऑलिम्पिकमध्ये एका वजनी गटात एका देशाची एकच खेळाडू उतरू शकते. जागतिक स्पर्धेत मात्र एका गटात दोघी चालतात. म्हणजे जगात पहिल्या पाचांत असलेली खेळाडूही, तिच्याच देशाची दुसरी सरस ठरली तर ऑलिम्पिक टीव्हीवर पाहते.

वाग्नरच्या गटात जर्मनीकडे कायमच गर्दी राहिली. टोकियोच्या आधी तिची स्पर्धा लुइझे माल्झानशी होती, जी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पाचवी आली होती. टोकियोनंतर आलिना ब्योम पुढे आली आणि २०२२ मध्ये तिने युरोपियन विजेतेपद जिंकलं.

त्यावर क्रमवारीचं गणित. जागतिक विजेतेपदाला २००० गुण आणि ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या विजेतेपदाला १००० गुण मिळतात. पॅरिससाठी प्रत्येक गटातल्या पहिल्या १७ जणींना थेट प्रवेश होता. एका देशाच्या दोघी असतील तर एकच मोजली जायची. तुम्ही घरी बसलात, तर तुमची सहकारी गुण मिळवत राहते.

अबू धाबी ते पॅरिस

तरीही वाग्नर परतली. मे २०२४ मध्ये अबू धाबीच्या जागतिक स्पर्धेत तिने अंतिम लढतीत इटलीच्या ॲलिस बेलांडीला हरवलं. दोन जागतिक विजेतेपदं मिळवणारी ती पहिली जर्मन महिला ज्युदोपटू ठरली. मग ध्वजवाहकाचा मान मिळाला.

१ ऑगस्टला पॅरिसमध्ये ती पदकाची दावेदार म्हणून उतरली आणि उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलीही. पण तिथे हरली. मग कांस्यपदकाच्या लढतीत चीनची मा झेन्झाओ सरस ठरली. वाग्नर पाचवी. सुवर्ण मिळालं बेलांडीला, जिला वाग्नरने दहा आठवड्यांपूर्वीच हरवलं होतं. मिश्र सांघिक स्पर्धेतही जर्मनीचं कांस्य दक्षिण कोरियाविरुद्ध ४-३ असं निसटलं.

ज्युदोत प्रत्येक गटात दोन कांस्यपदकं असतात आणि ती हुकलेल्या दोघी पाचव्या क्रमांकावर राहतात. चौथा क्रमांक नसतोच.

थोडक्यात कारकीर्द

- २०२१: जागतिक विजेती, बुडापेस्ट
- २०२१: टोकियो ऑलिम्पिक, वैयक्तिक कांस्य
- २०२१: टोकियो ऑलिम्पिक, मिश्र सांघिक कांस्य
- २०२४: जागतिक विजेती, अबू धाबी
- २०२४: पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जर्मनीची ध्वजवाहक, वैयक्तिक पाचवा क्रमांक

या यादीत २०२१ ते २०२४ च्या मधला काळ दिसत नाही, कारण पदकतालिकेत त्याची नोंद होत नाही. पण दुसरं विजेतेपद समजून घ्यायचं तर तोच काळ आधी पाहावा लागतो. पुढच्या वेळी एखादा खेळाडू पदक जिंकून काही महिने दिसेनासा झाला, तर 'डोक्यात हवा गेली' अशी कमेंट टाकण्याआधी वाग्नरची ही तीन वर्षं आठवायला हरकत नाही.