नकाशा कोणाच्या हाती? : हिंगणघाट, नागपूर आणि ब्राझील

कापसाची बाजारपेठ म्हणून हिंगणघाट आपणा सर्वांस ठाऊक आहे. वर्धा जिल्ह्यातील या गावी विल्यम लॅम्बटन या इंग्रज भूमापकाची कबर आहे, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते. १० एप्रिल १८०२ रोजी लॅम्बटनने मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटर लांबीची पायारेषा मोजावयास घेतली. पुढे वीस वर्षे त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्याचे निधन झाले.

त्याची पद्धत आपण आठवी-नववीच्या वर्गात शिकवतो तीच. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन्ही टोकांवरील कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. त्या प्रत्यक्ष मोजाव्या लागत नाहीत. काढलेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशा रीतीने नद्या, जंगले, डोंगर ओलांडून मोजणी पुढे जाते.

लॅम्बटनला ओढ होती ती पृथ्वीचा आकार जाणून घेण्याची. परंतु त्याला पैसा पुरवणाऱ्या कंपनी सरकारला नकाशे हवे होते ते सारावसुलीसाठी आणि फौजांच्या हालचालींसाठी. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला. लॅम्बटन वारला तेव्हा नागपूरच्या गादीवर अल्पवयीन राजा होता आणि कारभार इंग्रज रेसिडेंटच्या हाती होता. १८५४ साली राज्यही खालसा झाले. आपल्याच भूमीची सर्वांत अचूक मोजणी झाली, पण ती परक्यांच्या दप्तरात जमा झाली.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला एक देश स्वतंत्र झाला. लॅम्बटनच्या मृत्यूआधी साडेचार महिने, ७ सप्टेंबर १८२२ रोजी, ब्राझीलने पोर्तुगालपासून स्वातंत्र्य जाहीर केले. म्हणजे आपल्याहून बरोबर सव्वाशे वर्षे आधी! पण ही घोषणा करणारा पेद्रो हा पोर्तुगालच्याच राजाचा मुलगा. तोच नव्या देशाचा सम्राट झाला, आणि गुलामगिरी कायद्याने बंद होण्यास १८८८ साल उजाडावे लागले. झेंडा बदलला की सारे बदलते असे नाही, हा या इतिहासाचा धडा.

आता आपण थेट अवकाशयुगात येऊ. ब्राझीलने १९६१ साली, तर भारताने १९६२ साली अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली. गरीब देशांना हे चोचले कशाला, असे तेव्हा विचारले जाई. डॉ. विक्रम साराभाई आणि त्यांचे सहकारी यांचे उत्तर असे होते की, अवकाशात जायचे ते आपल्या जमिनीकडे पाहण्यासाठी. या सहकाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. थुंबा येथील जागा निवडण्याच्या कामात त्यांचा वाटा होता.

तरीही बराच काळ आपली जमीन आपण अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाच्या डोळ्यांनी पाहत होतो. १७ मार्च १९८८ रोजी आय.आर.एस.-१ए हा भारतीय उपग्रह झेपावला. उपग्रह आपला, पण अग्निबाण सोव्हिएत. जमिनीचा ७२.५ मीटर बाजूचा चौरस, म्हणजे सुमारे १.३ एकराचा तुकडा, त्याच्या एका कॅमेऱ्याला एक ठिपका म्हणून दिसे. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे जवळचे अवरक्त किरण जोराने परावर्तित करते. पाणी मात्र ते शोषते. त्यामुळे काटोलची संत्र्याची बाग, नांगरलेली काळी जमीन आणि भंडाऱ्याचा तलाव वेगवेगळे ओळखता येतात. त्याच १९८८ साली नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले. लॅम्बटन ज्या नागपूरला पोहोचू शकला नाही, तेथेच महाराष्ट्राच्या जमिनीचे, पाण्याचे आणि जंगलांचे नकाशे आपली माणसे तयार करू लागली.

योगायोग असा की, ॲमेझॉनच्या जंगलतोडीची उपग्रहाद्वारे वार्षिक मोजणी ब्राझीलनेही १९८८ पासूनच सुरू केली. तीही प्रथम लँडसॅटच्या चित्रांवरून. १९९९ मध्ये चीनच्या भागीदारीत त्यांनी उपग्रह सोडला. स्वतःच्या अग्निबाणाचे स्वप्न मात्र २२ ऑगस्ट २००३ रोजी आल्कान्तारा तळावर होरपळले. प्रक्षेपणाआधीच अग्निबाणाने पेट घेतला आणि २१ जणांचा बळी गेला. अखेर ब्राझीलने पूर्णपणे स्वतः घडवलेला पहिला भूनिरीक्षण उपग्रह, ॲमेझोनिया-१, २८ फेब्रुवारी २०२१ रोजी आपल्या पी.एस.एल.व्ही.ने श्रीहरिकोटाहून अवकाशात नेला. एके काळी सोव्हिएत अग्निबाणावर विसंबणारा देश आता दुसऱ्याला खांदा देत होता.

पण स्वतःचा उपग्रह असला म्हणजे प्रश्न सुटला काय? २०१९ साली ब्राझीलच्या अवकाश संस्थेने जंगलतोड वाढल्याचे आकडे प्रसिद्ध केले. राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी ते खोटे ठरवले आणि संस्थेचे संचालक रिकार्दो गाल्व्हाव यांना पद गमवावे लागले. वर्षाच्या अंतिम मोजणीतही जंगलतोड वाढल्याचेच दिसले. इथे नकाशा दडवू पाहणारे परके नव्हते, घरचेच होते. आकडे आधीच सर्वांसाठी खुले होते, म्हणूनच ते झाकता आले नाहीत.

आपल्याकडेही नकाशांवर दीर्घकाळ अनेक बंधने होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांतील बरीच सैल झाली. इस्रोचे 'भुवन' संकेतस्थळ तर २००९ पासून कोणालाही पाहता येते. तेव्हा शिक्षकमित्रांनो, इतिहास आणि भूगोल यांचा एक तास एकत्र घ्या. मुलांना शाळेच्या मैदानावर पायारेषा आखून, कोन मोजून, दूरच्या झाडाचे अंतर काढू द्या. मग उपग्रहचित्रात आपले गाव शोधू द्या. तलाव किती उरला, ओढा कोठे बुजला, गायरान कोठे गेले, हे त्यांना दिसेल. तीच माहिती घेऊन एखादी मुलगी ग्रामसभेत प्रश्न विचारण्यास उभी राहिली, तर लॅम्बटनच्या काळी आपल्या हातून गेलेला नकाशा परत मिळाला असे आम्ही समजू.