माशी आणि दुर्बीण: एकाच रायफलीवरचे दोन नेम

बंदुकीवर बोलायला तत्त्वज्ञानाचा माणूस कशाला, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. त्याचं उत्तर एनसीसीत आहे. मी 1966 साली कॉलेजात गेलो. चीनच्या युद्धानंतर, 1963 मध्ये, एनसीसी सक्तीची झाली होती आणि ती सक्ती 1968 ला उठली. म्हणजे मी बरोब्बर मधे सापडलो. तिथे पॉइंट टू टू रायफल पहिल्यांदा हातात आली. उस्ताद ओरडायचे, "शिस्त लो!" आणि आम्ही मराठी पोरं पोटावर पडल्या पडल्या अंग आणखी ताठ करायचो. त्यांना म्हणायचं होतं, नेम धरा. पुढे मोल्सवर्थचा कोश चाळताना कळलं की आपल्याकडेही हा फारसी शब्द नेमाच्या अर्थाने होताच. 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे. कवायतीची शिस्त आपल्याला आज जवळची वाटते, एवढंच.

आजचा विषय त्या जुन्या अर्थाच्या शिस्तीचा आहे. एकाच रायफलीवर दोन नेमसाधनं असतील, नळीच्या टोकाची माशी नि मागची खाच, आणि त्यांच्या डोक्यावर दुर्बीण, तर नेम कोणाचा मानायचा?

आधी रायफलीविषयी. रिमफायर काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या मधोमध नसतो, काठाच्या घडीत भरलेला असतो. घोडा ओढला की पिन त्या काठावर आपटते. पॅरिसच्या फ्लोबेरने 1845 च्या सुमारास घरात नेमबाजी करण्यासाठी असं चिमुकलं काडतूस केलं, स्मिथ अँड वेसनने 1857 मध्ये .22 शॉर्ट काढलं, आणि 1887 मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने .22 लाँग रायफल. आजही जगभर चालतं ते हेच. गोळी 40 ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमपेक्षा किंचित जास्त. धक्का जवळजवळ नाहीच. म्हणून ही अमेरिकन शेतघरातली, पोराच्या हातात पहिल्यांदा येणारी, खारी-सशांवर चालणारी बंदूक झाली.

तिच्यावर जन्मतः माशी आणि खाच. यातली अडचण डोळ्याची आहे. मागची खाच, पुढची माशी आणि लांबचं लक्ष्य, तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. नेमबाजाला शिकवतात की माशी स्पष्ट ठेव, बाकीचं धूसर चालेल. तरुणपणी डोळा या तिन्हींत इतक्या चपळाईने धावतो की कष्ट जाणवत नाहीत. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, लांबचं दिसेल अशी लेन्स बसवली. आता हात लांब करून बोट धरलं तर बोटाची कड पुसट दिसते. माझी माशी कायमची गेली म्हणायची. दुर्बीण हा प्रश्न एका फटक्यात सोडवते. तिच्यात लक्ष्य आणि फुली एकाच प्रतलात येतात, डोळ्याला धावपळ नाही.

पण दुर्बीण महाग होती. विल्यम वीव्हर या अमेरिकन माणसाने 1930 साली 330 नावाची स्वस्त दुर्बीण काढली आणि 1933 मध्ये टेक्सासमधल्या एल पासोला कारखाना हलवला. मग साध्या माणसाच्या रायफलीवर दुर्बीण चढू लागली. महायुद्धानंतर रिमफायर रायफलींच्या रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या धातूच्या भागावर, कारखान्यातच खाचा पाडून येऊ लागल्या. त्यात दुर्बिणीची पकड सरकवायची नि स्क्रू आवळायचा. माशी मात्र कोणी काढली नाही. दोन साधनांची रायफल अशी, कोणी फारसा विचार न करता, घडत गेली.

आता खरी अडचण. बंदुकीचा दस्ता एकाच नजरेसाठी घडवलेला असतो. गाल दस्त्यावर टेकला की डोळा आपोआप माशीच्या रेषेत यावा, ही त्याची रचना. दुर्बीण त्या रेषेच्या वर बसते, म्हणून मान थोडी उचलावी लागते. आणि लोकांना दोन्ही एकदम हवं झालं, तेव्हा आरपार दिसणाऱ्या उंच पकडी निघाल्या: वर दुर्बीण, खाली बोगदा, बोगद्यातून माशी. दिसायला किती शहाणपणाची युक्ती! पण मग दुर्बीण इतकी उंच जाते की गाल दस्त्याला टेकतच नाही, हनुवटीच टेकते, आणि दर वेळी डोकं वेगळ्या जागी येतं.

शिवाय अंतराचा हिशोब आहे, तो मी कागदावर करून पाहिला. माशीची रेषा नळीच्या मध्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच वर, नेहमीची दुर्बीण दीड इंच, उंच पकडीतली दोन इंचांपेक्षा वर. तिन्ही 50 यार्डांवर झिरो केल्या, म्हणजे तिथे गोळी नेमक्या जागी बसते असं जुळवलं. आता 10 यार्डांवर काय होतं? माशीने गोळी जवळजवळ नेमावरच लागते. नेहमीच्या दुर्बिणीने ती अर्ध्या इंचाहून जास्त खाली जाते, आणि उंच पकडीतल्या दुर्बिणीने इंचापेक्षाही खाली. खारीच्या डोक्याचा नेम धरला असेल तर इंच म्हणजे जबडा फुटलेली, जिवंत पळून गेलेली खार. दोन साक्षीदारांचं एका ठिकाणी एकमत होतं, दुसरीकडे होत नाही. आणि कोणत्या अंतरावर आपण उभे आहोत हे ध्यानात नसेल तर दोघं असूनही उपयोग नाही.

मग दोन साधनं ठेवावीतच कशाला? कारण दुर्बीण गुपचूप चुकते. माशी वाकली तर दिसते. दुर्बीण दारावर आपटली, आतली फुली तसूभर सरकली, तरी ती तशीच स्वच्छ, तशीच आत्मविश्वासाने दिसत राहते. इथे मला आपले मीमांसक आठवतात. ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, बाधक समोर येईपर्यंत ते खरंच मानावं, असं ते म्हणतात. दुर्बिणीवर विसंबणारा शिकारी मीमांसक. नैयायिक म्हणतो, नाही, प्रामाण्य दुसऱ्यावरून ठरतं. तो खाली माशी ठेवतो. त्यावर मीमांसक विचारेल, मग माशीचं प्रामाण्य कोण ठरवणार? ही तर अनवस्था झाली. नैयायिकाचं उत्तर व्यवहाराचं आहे: कृती सफल होते का बघा. 50 यार्डांवर कागद लावा आणि भोक कुठे पडतं ते पाहा. दोन्ही साधनं अशी वेगवेगळी कागदावर तपासली नसतील, तर खालची माशी नुसता दागिना आहे.

ज्यांना हे नीट साधलं त्यांनी दोन्ही एकदम वापरण्याचा हट्टच धरला नाही. अमेरिकेत विंचेस्टरची मॉडेल 52 ही लक्ष्यवेधाची रायफल 1919 च्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रथम दिसली. तिथल्या स्मॉलबोअर स्पर्धांत काही सामने फक्त धातूच्या साइटचे, काही कोणत्याही साइटचे. माणूस तोच, रायफल तीच. एका सामन्यात मागे बारीक छिद्राची साइट, दुसऱ्यात ती उतरवून लांबलचक दुर्बीण. दुर्बिणीचे ठोकळे नळीवर इतके बुटके की माशीच्या नजरेत येत नाहीत. त्या दोन ठोकळ्यांमधलं प्रचलित अंतर 7.2 इंच. का? कारण 100 यार्ड म्हणजे 3600 इंच, 7.2 च्या बरोब्बर 500 पट. मागचं टोक इंचाच्या दोन हजाराव्या भागाने हललं की कागदावर पाव इंच. एका टिचकीला पाव इंच! हा आकडा ज्याने पक्का केला त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो.

रुगरच्या 10/22 ने 1964 मध्ये घरगुती तोडगा काढला: मागची साइट बिजागरीवर आडवी पडते, दुर्बीण बुटक्या पकडीत बसते, आणि दुर्बीण उतरवली की ती साइट पुन्हा उभी करायची. इथेही आळीपाळीच. युद्धात मात्र मतं फुटलेली होती. ब्रिटिशांच्या नंबर 4 (टी) या स्नायपर रायफलीवर माशी कायम राहिली, दुर्बीण दोन मोठ्या अंगठास्क्रूंनी निघायची. अमेरिकनांनी 1903ए4 वरून माशी काढूनच टाकली. त्या रिमफायर नव्हेत, म्हणून इथे थांबतो.

शेवटी एक प्रश्न आलाय: आपले कोल्हापूरचे नेमबाज कोणतं साधन वापरतात? स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला 2024 मध्ये कांस्यपदक मिळवलं ते 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये. रायफल .22 रिमफायरच, दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, उभं राहून, गुडघ्यावर बसून आणि पोटावर पडून. त्या प्रकारात दुर्बिणीला परवानगी नाही. मागे छिद्र, पुढे कडं, आणि मधे माणसाचा डोळा.